चार दिवसांसाठी चिपळूणला

जुलै २०२१ मध्ये मी आणि माझा नवरा चार दिवसांसाठी चिपळूणला गेलो होतो आणि नऊ दिवसांनी पुण्याला परतलो. करोनामुळे दीड वर्ष आत्याची भेट झाली नव्हती. तिचे आणि आमचे लसीचे दोन्ही डोस पूर्ण झाल्यावर दोन दिवस तिच्याकडे आणि दोन दिवस गुहागर-हेदवीकडे असा साधा बेत ठरला. त्या बेतातला पहिला दीड दिवसच ठरल्याप्रमाणे पार पडला.

मंगळवार, २० जुलै

आषाढी एकादशी होती. वारी त्याही वर्षी पायी गेली नव्हती. पादुका एसटीने पंढरपूरला पोहोचल्या होत्या. पहाटे पुणे सोडून उंब्रजला महामार्गावरून वळलो आणि पाटणला एका बंद हॉटेलाच्या ओट्यावर बसून घरून आणलेली साबुदाण्याची खिचडी खाल्ली. कोयनानगर मागे पडल्यावर कुंभार्ली घाटात असे दाट धुके लागले की पुढच्या ट्रकचे लाल दिवे तेवढे दिसत होते. वळणावळणावर धबधबे थेट रस्त्यावर पडत होते. ते पाहून आम्ही दोनदा थांबलो, भिजलो, फोटो काढले. पाण्याचे कौतुक करण्याचा या प्रवासातला तो शेवटचा प्रसंग.

घाट उतरताना पोफळी आणि अलोरे लागते. कोयनेचे पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिमेला येते, पोफळीच्या वीजगृहांतून कोळकेवाडीच्या धरणात पडते आणि तिथे पुन्हा वीज निर्माण करून वाशिष्ठीला मिळते. म्हणून वाशिष्ठी भर मे महिन्यातही वाहती असते. चिपळूण त्याच नदीच्या काठी, आणि खाडीच्या भरतीचे पाणी जिथवर चढते तिथे वसलेले आहे. शहराच्या मधून शिवनदी येऊन तिला मिळते. हा भूगोल मला लहानपणापासून पाठ होता. त्याचा अर्थ मात्र दोन दिवसांनी कळला.

आत्याचे घर बाजारपेठेच्या मागच्या आळीत आहे. जुने, कौलारू, गल्लीपेक्षा अडीच फूट उंच जोत्याचे. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर, माझ्या छातीच्या उंचीला, निळ्या तैलरंगाची बोटभर रेघ आहे आणि तिच्याशेजारी आतोबांच्या ठसठशीत अक्षरात लिहिले आहे : २६-७-०५. त्या वर्षीच्या पुराचे पाणी तिथवर चढले होते. पाणी ओसरल्यावर आतोबांनी आधी पेन्सिलीने खूण केली आणि दिवाळीत रंग देताना ती पक्की केली. पुढे सगळे घर त्या रेघेवरून मांडले गेले. विजेची बटणे रेघेच्या वर, देव्हारा रेघेच्या वर, धान्याचे डबे, गाद्या, कागदपत्रांची पेटी, सारे काही तिच्या वर. तळाशी राहिली ती फक्त भिजली तरी चालतील अशी भांडीकुंडी आणि एक फ्रीज. चिपळुणात अशा खुणा घरोघरी आणि दुकानोदुकानी दिसत. व्यापारीही पावसाळ्यात माल माळ्यावर चढवताना त्या खुणेकडे बघूनच चढवत.

रात्री वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी खाऊन झोपलो.

बुधवार, २१ जुलै

द्वादशीचे पारणे म्हणून आत्याने सकाळी घावने आणि काळ्या वाटाण्याची आमटी केली. सोबत टाकळ्याची भाजी होती, तीही तिनेच परसातून खुडून आणलेली. पावसाळ्यात कोकणात जाणाऱ्यांनी हॉटेलच्या ताटापेक्षा अशा रानभाज्यांची चौकशी करावी. महिन्याभरात त्या जून होतात आणि मग तो स्वाद वर्षभर मिळत नाही.

गुहागर चिपळूणपासून साधारण पंचेचाळीस किलोमीटरवर आहे. त्या काळात राज्यातली देवळे बंद होती, त्यामुळे व्याडेश्वराला बाहेरूनच हात जोडले. किनाऱ्यावर सुरूच्या बनापलीकडे समुद्र मातकट झाला होता आणि वारा इतका होता की छत्री उघडण्यात अर्थ नव्हता. नारळ विकणाऱ्या एका बाईंनी आमच्या गाडीचा पुण्याचा क्रमांक पाहून न विचारताच सांगितले, "आज मुक्काम करू नका. पौर्णिमा जवळ आलीय, उधाण हाय, नि वरनं हा पाऊस." त्यांचे ऐकून हेदवी रद्द केले आणि संध्याकाळच्या आत चिपळुणात परतलो. ते चांगले केले की वाईट, हे मला आजही ठरवता येत नाही.

दुपारपासून पावसाने एकदाही दम घेतला नव्हता. कोकणात पाऊस कोसळतो, थांबतो, पुन्हा कोसळतो; या पावसात ते थांबणेच नव्हते. कौलांवरचा आवाज इतका एकसारखा होता की काही वेळाने तो ऐकू येईनासा झाला आणि आम्ही मोठ्याने बोलतो आहोत हे एकमेकांच्या चेहऱ्यांवरूनच कळू लागले. रात्री नऊला आत्या कंदील घेऊन दारापुढचे गटार बघून आली. तिची रीत ठरलेली आहे. गटार नदीकडे वाहते आहे तोवर झोपायचे. ते उलटे, आळीच्या दिशेने वाहू लागले की जागे राहायचे. "सरळ वाहतंय," असे सांगून तिने दिवा मालवला.

गुरुवार, २२ जुलै

पहाटे साडेतीनला तिने मला हलवून उठवले. "अगो, ऊठ. गटार फिरलं."

पूर म्हटले की मला लोंढा आठवे, बातम्यांत दिसणारा, गर्जत येणारा. इथे तसे काहीही नव्हते. टॉर्चच्या उजेडात आळी काळ्या काचेसारखी दिसत होती, आणि त्या काचेवर एक प्लास्टिकची बादली अगदी सावकाश, नदीकडून घराकडे येत होती. पाणी पुढच्या दाराने आत आलेच नाही. साडेचारच्या सुमारास न्हाणीघराच्या मोरीतून गुळगुळ आवाज झाला आणि तिथून ते वर आले, त्यामागोमाग परसदाराच्या फटीतून. आत्याने मेन स्विच बंद केला, गॅस बंद केला, साडीचा काचा मारला आणि आम्हांला कामाला लावले. तिच्या हालचालींत घाई नव्हती. तिने हे आधी केलेले होते.

पाचच्या सुमारास समोरच्या तीन मजली इमारतीतल्या बिऱ्हाडाने खिडकीतून हाक मारली, "काकी, वर या, आत्ता येता येईल." आळीत तेव्हा मांडीएवढे पाणी होते. आत्याने चौकटीकडे टॉर्च फिरवला. रेघ पाण्याच्या चार फूट वर होती. "एवढं काही यायचं नाही," ती म्हणाली, आणि आम्हीही मान डोलावली. खरे सांगायचे तर मला हायसेच वाटले, कारण अंधारात त्या पाण्यात उतरण्याची माझी हिंमत नव्हती. आमची चूक झाली ती या क्षणी. त्यानंतर जे झाले त्यात आमच्या हातात फारसे काही उरले नाही.

उजाडले तेव्हा पाणी कमरेला होते. आत्या बोटांवर हिशेब करत होती. कोकणात तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. त्या दिवशी त्रयोदशी, म्हणजे पावणेदहा. तोवर खाडी नदीचे पाणी घेणार नाही, उलट आपलेच पाणी वर लोटणार. त्यानंतर ओहोटी लागली की उतरेल, असे तिचे म्हणणे होते. हिशेब बरोबर होता. पण वरून सह्याद्री जे पाणी सोडत होता त्याचा आकडा त्यात नव्हता. सव्वासातला पाणी निळ्या रेघेला लागले. काही मिनिटे ते तिथेच थांबल्यासारखे वाटले आणि आम्ही तिघेही न बोलता त्या चौकटीकडे बघत राहिलो. मग "०५" हे आकडे ओले झाले, अर्धे झाले, आणि गेले.

आत्या त्या वेळी पहिल्यांदा खाली बसली. माळ्याच्या शिडीच्या पायरीवर, पाण्यातच.

रेघेच्या वर रचलेले सगळे सामान आता एकेक करून तरंगू लागले. फ्रीज आडवा होऊन उठला आणि स्वयंपाकघराच्या दारात असा अडकला की बाहेर पडण्याचा तो मार्ग संपला. भरलेले सिलिंडरही तरंगते, हे मला तेव्हा कळले. ते दर थोड्या वेळाने भिंतीवर आपटे आणि घंटेसारखा आवाज होई. आम्ही माळ्यावर चढलो. तिथे जुन्या गाद्या, गणपतीचे मखर, आंब्याच्या रिकाम्या पेट्या आणि उंदरांचा वास होता. फळ्यांच्या फटींतून खालचे पाणी दिसत होते. आधी त्यात फक्त टॉर्चचा उजेड चमकत होता. पुढे मला स्वतःचा चेहरा दिसू लागला. नऊ वाजता शिडीची शेवटची पायरी बुडाली.

मला वाटलेली भीती नेमकी कशी होती हे सांगायचे तर, ती बुडण्याची नव्हती. डोक्याच्या हातभर वर कौले आणि पायाखाली पाणी, आणि त्या दोहोंमधली जागा कमी होत चाललेली. मी माझ्या गुडघ्यांपासून फळीपर्यंतचे अंतर वितीने मोजत बसले होते आणि ते मोजणे मला थांबवता येत नव्हते.

नवऱ्याने आंब्याच्या पेटीच्या फळीने आतून कौले उचकटली. जुनी मंगलोरी कौले असल्यामुळे ती निघाली. पत्रे किंवा स्लॅब असता तर काय केले असते, हा विचार मी करत नाही. डोके बाहेर काढून तो ओरडला तेव्हा समोरच्या पोरांनी लगेच ओ दिली. ती तासाभरापासून आमच्या छपराकडेच बघत होती. मधला बोळ सात-आठ फुटांचा. त्यांनी मंडपाची बांबूची शिडी आपल्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून आमच्या वाशांवर आडवी टाकली आणि कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी फेकली. ती आत्याच्या कमरेला बांधली. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई त्या शिडीवरून चार पायांवर, डोळे मिटून, रामरक्षा म्हणत गेली. निम्म्यावर थांबून तिने विचारले, "चपला घेतल्यास का?" मी नव्हत्या घेतल्या. खाली दीड पुरुष पाणी होते आणि त्यातून कोणाची तरी पांढरी मारुती, टप तेवढे वर ठेवून, संथपणे फिरत होती. आमची गाडी तेव्हा कुठे होती कोण जाणे.

त्या दोन खोल्यांत आम्ही बावीस जण होतो. दीड वर्ष माणसांपासून सहा फूट लांब राहिलेले आम्ही खांद्याला खांदा लावून बसलो. मास्क एकाच्याही तोंडावर नव्हता आणि कोणाच्या ते लक्षातही आले नाही. घरच्या वहिनींनी मोठ्या पातेल्यात डाळ-तांदळाची खिचडी लावली. प्यायला पाणी नव्हते, म्हणून पोरांनी गच्चीवर ताडपत्री ताणून पावसाचे पाणी घागरींत धरले. दुपारी फोनची रेंज गेली. पाणी पहिल्या मजल्याच्या गॅलरीखाली फूटभर अंतरावर येऊन थांबले आणि आम्ही सगळे वरच्या मजल्यावर सरकलो. संध्याकाळी दूर कुठेतरी बोटीच्या इंजिनाचा आवाज आला, लोकांनी टॉर्च हलवले, पण ती बोट आमच्या आळीत शिरली नाही. ज्यांच्या घरी आजारी माणसे होती त्यांच्याकडे ती आधी जाणे योग्यच होते, हे आत्ता लिहिताना समजते. तेव्हा आम्ही सगळेच तिला शिव्या घालत होतो.

त्याच पावसाने सावित्रीकाठचे महाड बुडवले, महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली, आणि कोकण रेल्वेवर सुमारे सहा हजार प्रवासी अडकून पडले. गुरुवार सकाळपासूनच्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. हे सगळे आम्हांला चार दिवसांनी वर्तमानपत्रांतून कळले. त्या रात्री आम्हांला एवढेच माहीत होते की पाणी गॅलरीच्या किती खाली आहे.

शुक्रवार, २३ जुलै

मध्यरात्रीनंतर पाणी उतरू लागले, आणि उतरताना मात्र त्याने आवाज केला. सकाळी आळीत गुडघाभर चिखल होता. तो साधा चिखल नव्हता. साबणासारखा गुळगुळीत, तांबूस, त्यात डिझेल, सडलेले धान्य आणि गटार यांचा मिळून एक वास, जो पुढे आठवडाभर नाकातून गेला नाही. आत्याच्या घराचे दार फ्रीजमुळे उघडेना. खिडकीचे गज काढून आत शिरावे लागले. देव्हारा पाटासकट उलटा होऊन कोनाड्यात बसला होता आणि त्यातला बाळकृष्ण तांदळाच्या डब्यात सापडला.

आमची गाडी आळीच्या तोंडाशी एका टेम्पोवर चढून बसलेली मिळाली.

पावसाळ्यात नदीकाठच्या गावी मुक्कामाला जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी इथे सांगून ठेवते. गाडी यजमानांच्या दारात नव्हे, गावातल्या सर्वांत उंच भागात लावावी, मग चालत यावे लागले तरी चालेल. माळ्यावर किंवा वरच्या मजल्यावर एक कोयता किंवा हातोडी, शिटी, दोरी आणि जाड तळाच्या चपला आधीच नेऊन ठेवाव्यात. आम्ही अनवाणी होतो आणि शुक्रवारी माझ्या नवऱ्याच्या टाचेत काच गेली. बुडालेली गाडी चालू करून बघण्याचा मोह टाळावा. इंजिनात पाणी असताना किल्ली फिरवली तर नुकसान वाढते आणि विम्याचा दावाही अडू शकतो. साफसफाईला हात लावण्याआधी प्रत्येक खोलीचे, भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेसकट, फोटो काढावेत, कारण पंचनाम्याला येणारी मंडळी येईपर्यंत घर तसेच ठेवणे कोणालाच शक्य नसते. आणि पुराच्या पाण्यात वावरलेल्या प्रत्येकाने लेप्टोस्पायरोसिस हा दूषित पाण्यातून होणारा तापाचा आजार टाळण्यासाठीच्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारावे. अंगावर जखम असेल तर धनुर्वाताचे इंजेक्शनही घ्यावे.

यातली पहिली गोष्ट वगळता बाकी सगळ्या आत्याला माहीत होत्या. पण तिची दोरी आणि कोयता रेघेच्या जेमतेम वर, खुंटीला टांगलेले होते.

शनिवार आणि रविवार, २४ व २५ जुलै

दोन दिवस फक्त चिखल उपसला. कराड, सांगली, कोल्हापूर अशी नावे सांगणारी तरुण मुले फावडी घेऊन येत, न विचारता एका घरात शिरत आणि ते झाले की पुढच्या. त्यांच्यातल्या काहींच्या स्वतःच्या गावांतही पाणी होते. वाशिष्ठीत मगरी आहेत हे चिपळूणकरांना नवे नाही, पण बाजारपेठेत मगर दिसल्याची आवई दिवसातून तीनदा उठे आणि फावडी टाकून सगळे बघायला पळत. आम्हांला मगर दिसली नाही. आत्याच्या न्हाणीघरात एक भलेमोठे कासव मात्र निघाले, ते पोरांनी पोत्यात घालून नदीवर नेऊन सोडले.

शनिवारी आत्याने मला लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात पाठवले. १८६४ सालची ही संस्था. २००५ सालीही तिची पुस्तके बुडाली होती आणि नंतर लोकांनी ती पुन्हा उभी केली होती. आत्याच्या उशाशी असलेले तिथले एक पुस्तक मखराच्या खोक्यात पडून कोरडे राहिले होते आणि ते परत करायची मुदत टळून गेली होती. तिथे दारात ओल्या पुस्तकांचे ढीग होते. कपाटांत पुस्तके फुगून अशी घट्ट बसली होती की एकेक ओढताना नुसता पुठ्ठाच हातात येत होता. चिखलाने माखलेल्या एका गृहस्थांना मी ते पुस्तक दिले. त्यांनी ते हातात धरून, उलटसुलट करून बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, "हे आत्ता मी ठेवू कुठे? तुमच्याकडंच कोरडं राहील." मी ते परत घेऊन आले. आत्याला हे अजिबात पटले नाही. तिच्या मते नोंद तरी करून घ्यायला हवी होती.

महामार्गावरच्या वाशिष्ठीच्या पुलावरून वाहतूक बंद होती आणि कुंभार्ली घाटाबद्दल दर तासाला वेगळी बातमी येत होती, त्यामुळे आम्ही अडकून होतो. खरे तर दोन दिवसांनंतर निघावेसेही वाटेना.

बुधवार, २८ जुलै

छोट्या गाड्या सुटू लागल्यावर कराडचा चुलतभाऊ जीप घेऊन आला. आत्याला महिनाभर पुण्याला न्यायचे ठरले. तिने फार आढेवेढे घेतले नाहीत, यावरूनच तिची अवस्था कळावी. निघण्यापूर्वी ती घरातून एकदा फिरली. निळी रेघ पुसली गेली नव्हती; चिखलाचा थर धुतल्यावर ती पूर्वीसारखीच दिसत होती. यंदाचे पाणी मात्र चौकटीच्या वर, भिंतीच्या वर, माळ्याच्या फळ्यांनाही बुडवून गेले होते आणि कौलांखालच्या वाशांवर त्याचा तपकिरी पट्टा राहिला होता.

"जावई, एवढं करा," ती म्हणाली आणि तिने सुताराची पेन्सिल पुढे केली. शिडी लावून नवरा वर चढला. वाशाला टेकून त्याने भिंतीवर पेन्सिल ओढली; ओल्या चुन्यावर ती नुसतीच रुतली, उमटली नाही. त्याने दुसऱ्या जागी पाहिले, तिथे गिलाव्याचा पोपडा सुटून खाली पडला.

"राहू दे," आत्या म्हणाली. "दिवाळीत वाळेल."